आठ सहस्रांश ओहम

सरकारी यंत्रांची बारशी जो कोणी करतो, त्याला आयुष्यात कधी धाप लागलेली नसावी. औषधाची वाफ छातीत ओढून घ्यायचं यंत्र, आणि त्याचं नाव काय, तर 'फुंकर'. हुपरीतल्या दोन-चार म्हाताऱ्यांनी पहिल्या आठवड्यात खरोखरच फुंकून फुंकून औषधाच्या कुप्या रिकाम्या केल्या होत्या, आणि चूक त्यांची नव्हती.

जयकुमारच्या घरात फुंकर दिवसातून तीनदा चाले. त्याची बायको शालन खुर्चीत ताठ बसायची, यंत्राची चोच ओठांत धरायची आणि डोळे मिटून ओढायची. तो समोर उभा राहून मनात आकडे मोजायचा. गेल्या वर्षी ती सातापर्यंत ओढायची, आता पाचालाच खोकला यायचा. हे मोजणं त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण थांबवताही येत नव्हतं. दोन वर्षं झाली, तो दमलेला होता. झोपून उठलं तरी जात नाही, तसला दमलेपणा.

तो अठ्ठावन्न वर्षांचा, धंदा चांदीचा. पैंजणाला लागणारी बारीक तार ओढण्यात गावात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण तरुणपणी त्याचं मन वेगळ्याच तारेत गुंतलं होतं. ई-सिगारेटवर बंदी आली तेव्हा तो पंचविशीत होता, आणि बंदी आल्यावर त्याचा वाफेच्या यंत्रांचा नाद कमी होण्याऐवजी वाढला, हे सांगायलाच नको. कोल्हापूर-बेळगावकडची सात-आठ मंडळी एका मळ्यात जमायची. तांब्याची जाड नळी, तिच्यात बॅटरी, वर हाताने वळलेली तारेची कॉइल आणि कॉइलच्या पोटात कापूस. या सगळ्याला मिळून मॉड म्हणायचं. बाजारातली तयार कॉइल वापरणाऱ्याला तिथे कोणी पाणीसुद्धा विचारत नसे. ज्याच्या वाफेचा ढग मोठा, तो त्या दिवसाचा राजा.

जयकुमारला ढगात रस नव्हता. त्याला वीज वाया गेलेली खपायची नाही. बॅटरीपासून तारेपर्यंत जिथे जिथे धातू धातूला टेकतो तिथे थोडी वीज अडते, आणि ती जागा मळलेली असली तर जास्त अडते. म्हणून तो प्रत्येकाच्या मॉडमध्ये टेकणीच्या जागी चांदीची बटणं बसवून द्यायचा. चांदीइतक्या सहज वीज वाहून नेणारा दुसरा धातू नाही. शिवाय चांदी काळी पडू देणं म्हणजे हुपरीत आंघोळ न करता देवळात जाण्यासारखं. ती बटणं तो आठवड्याला घासून चकचकीत करायचा.

"धूर खानाऱ्या मानसाशी लगीन लावलंय व्हय माझं?" असं म्हणून शालनने लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात त्याची सगळ्यांत लाडकी नळी भंगारवाल्याला देऊन टाकली. त्याने नाद सोडला. आणि मग बावीस वर्षं शालनने स्वतः धूळ खाल्ली. औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत ती वाळूचे साचे करायला होती. ती आणि पट्टणकोडोलीची मालन कांबळे, दोघी एकाच टेबलावर, समोरासमोर. ती बारीक वाळू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि एकदा छातीत गेली की बाहेर पडत नाही. दोघींच्या फुप्फुसांचे फोटो डॉक्टरांनी शेजारी शेजारी लावले होते. कोणता कोणाचा, हे नावं वाचल्याशिवाय कळत नव्हतं.

फुंकर यंत्राच्या पोटात जे होतं, ते जयकुमारने पहिल्याच दिवशी ओळखलं. तोच त्याचा जुना मॉड, फक्त सरकारी कपडे घातलेला.

पण त्यात एक नवी गोष्ट होती, आणि ती मोठी देखणी होती. तार तापली की तिचा रोध वाढतो. म्हणजे वीज तिच्यातून जायला कुरकुर करते. तारेचा रोध मोजला की ती किती तापली आहे हे कळतं, त्यासाठी वेगळा थर्मामीटर लागत नाही. इतकं मळ्यातल्या मंडळींनाही ठाऊक होतं. कोणा संशोधिकेच्या लक्षात पुढची गोष्ट आली. माणूस श्वास ओढतो तेव्हा हवा तारेवरून जाते आणि तार निवते, आपण चहाच्या बशीवर फुंकतो तसंच. यंत्राला तार ठरलेल्या उष्णतेवर टिकवायची असेल, तर जितका जोराचा श्वास तितकी जास्त वीज द्यावी लागते. म्हणजे किती वीज लागली ते पाहिलं की श्वास कळला. सेकंदाला हजार वेळा पाहिलं की त्या श्वासाचा पूर्ण आलेखच हाती आला. फुप्फुस किती उघडतं, कुठे अडतं, कुठे दमतं, सगळं एका वळलेल्या तारेत. मुद्दाम हळू ओढून आजाराचं सोंग करणाऱ्यांना यंत्र बरोबर पकडायचं, कारण सोंगाचा आलेख वेगळा दिसतो.

त्या आलेखावरून यंत्र एक आकडा काढायचं. त्याला श्वासांक म्हणत. धडधाकट माणसाचा शंभर. तीस किंवा त्याखाली गेलेल्याला 'पापुद्रा' मिळण्याचा हक्क. पापुद्रा म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला फुप्फुसाचा पातळ थर. तो आत बसवला की वर्षभरात माणूस जिना चढू लागतो. पण एक पापुद्रा वाढवायला अकरा आठवडे लागतात आणि कोल्हापूरच्या केंद्राला तीन महिन्यांतून एकच मिळतो. ज्याचा श्वासांक सगळ्यांत कमी, त्याचा नंबर पहिला. वशिला नाही, चिठ्ठी नाही. शनिवारी सकाळी अकराला यंत्र आकडा आपोआप केंद्राला कळवतं आणि रांग पुन्हा लागते.

बुधवारी केंद्रातून फोन आला. शालनचा श्वासांक सत्तावीस, जिल्ह्यात सगळ्यांत कमी. शनिवारचा आकडा असाच राहिला तर सोमवारी भरती व्हायचं. शालनने फोन ठेवला आणि पदराने तोंड पुसलं. जयकुमार उठून आतल्या खोलीत गेला आणि भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आली ती नुसती जांभई.

गुरुवारी दुपारी मालन भेटायला आली. तिच्या सुनेने, रेश्माने, तिला रिक्षातून आणलं. दारापासून खुर्चीपर्यंतच्या बारा पावलांत मालन दोनदा थांबली.

"जाऊन ये बाई," खुर्चीत टेकल्यावर ती शालनला म्हणाली. "परत आलीस की मला सांग, पोटभर हवा घेतल्यावर कसं वाटतंय ते. मी इसारलोय."

"तुझा किती आलाय?"

"एकतीस. एकानं ऱ्हायलंय." मालन हसली, आणि हसण्याचा खोकला झाला.

तिच्या औषधाची वेळ झाली होती. रेश्माने पिशवीतून यंत्र काढलं. मालनने ओढलं. एकतीस. मग शालन चहा टाकायला आत वळली आणि जयकुमारने मालनचं यंत्र हातात घेतलं. कॉइल बदलण्यासाठी त्याचं खालचं झाकण फिरवून काढता येतं, तेवढी रुग्णांना मुभा होती. त्याने झाकण काढलं आणि त्याच्या तोंडून 'अरारारा' निघालं. मालनच्या घरामागे गुऱ्हाळ होतं. त्या धुराने आतली तांब्याची बटणं तव्याच्या बुडासारखी काळी झाली होती. सरकारी माणूस सहा महिन्यांतून एकदा यायचा आणि सही घेऊन जायचा.

अशी बटणं पाहून गप्प बसणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. शालनच्या यंत्राची मूळ बटणं तर त्याने पहिल्याच महिन्यात काढून चांदीची घातली होती. नियमात ते बसत नव्हतं, पण बायकोच्या छातीत जाणारी वाफ भंगाराच्या मोलाच्या तांब्यावर चालावी, हे त्याला सोसलं नव्हतं. दर रविवारी तो ती घासायचा. त्याच सवयीने आता त्याने पैंजणांना उजळा द्यायची पूड आणि मऊ फडकं घेतलं. बोलता बोलता पाच मिनिटांत मालनची बटणं नव्या पैशासारखी लखलखली.

"एकदा ओढून बघा बरं," तो म्हणाला. "वाफ दाट येईल आता."

मालनने ओढलं. पडद्यावर आकडा आला. चोवीस.

मालनचा चेहरा उतरला. "अगं बया. चोवीस? आत्ता तर एकतीस हुता. दाजी, मी मरालोय का काय?"

"न्हाई हो," जयकुमार म्हणाला.

त्याला सगळं एकदम कळलं होतं. ज्याने हजार कॉइली वळल्या त्याला कळायला किती वेळ लागतो? यंत्र रोध मोजतं तेव्हा त्यात तारेचा रोध येतो, तसाच बटणांचाही येतो. बनवणाऱ्यांना हे माहीत होतं. बटणांमध्ये आठ सहस्रांश ओहम इतका रोध असणार असं धरून ते तेवढा वजा करत होते. कारखान्यातून निघालेल्या बटणात तेवढाच असतो. पण बटणं घासून चकचकीत केली तर रोध जवळजवळ शून्य होतो. यंत्र तरीही आठ वजा करतं. तार किती तापवायची हे यंत्र तिच्या थंड असतानाच्या रोधावरून ठरवतं, आणि तोच आकडा कमी निघाला की तापवायची मर्यादाही खाली येते. ते तिला पुरेशी तापवत नाही, वीज कमी लागते, आणि यंत्र समजतं की श्वासच अशक्त आहे. बटणं काळी असली तर याच्या उलट. तार जास्त तापते, वीज जास्त लागते, आणि मरायला टेकलेला श्वासही जरा बरा दिसतो. यंत्र बनवणाऱ्यांनी धुराचा विचार केला नव्हता, आणि आपल्या बायकोची बटणं दर रविवारी घासणारा कोणी नवरा असेल, हे तर त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार.

मालन एकतीस, शालन सत्तावीस, म्हणून शालनचा नंबर पहिला. पण एक मळक्या काट्यावर तोललेली, दुसरी घासलेल्या. दोघींना एकाच काट्यावर ठेवलं की मालन चोवीस आणि शालन सत्तावीस. पापुद्रा मालनचा होता.

दोन वर्षं त्याने प्रेमाने घासून घासून आपल्या बायकोला खोटं आजारी पाडलं होतं. खोटं तरी कसं म्हणावं? ती पाचालाच खोकत होती.

"दाजी, बिघडलंय काय ह्ये?" मालनने त्याची बाही धरली. "तुमाला हात जोडतो, हुतं तसं करून द्या. त्यो चोवीस बघूनच माझा जीव जाईल."

हुतं तसं करून द्या. तिने स्वतः मागितलं होतं. जयकुमारने यंत्र उचललं आणि मागच्या कामाच्या खोलीत गेला. काळपट पैंजणांची फॅशन असते, त्यासाठी लागणारं गंधकाचं पाणी तिथे बाटलीत भरलेलं होतं. त्याने बारीक काडी त्यात बुडवली. तीस वर्षांत त्याच्या हातून कुठली वस्तू मळकी होऊन दाराबाहेर गेली नव्हती. काडी बटणाला टेकवताना हात थरथरेल असं त्याला वाटलं, पण कारागिराचा हात, तो थरथरला नाही. बटणं आधी तपकिरी झाली, मग काळी. आपण काय करतो आहोत हे त्याला स्वच्छ कळत होतं. पण इतका दमलेला माणूस कळलेल्या गोष्टीचं तरी काय करणार, असं तो स्वतःला सांगत राहिला.

बाहेर येऊन त्याने यंत्र दिलं. मालनने ओढलं. एकतीस.

"बरं झालं बाई," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "दाजी, तुमच्या हाताला गुन हाय."

शालन चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने पहिला कप मालनला दिला.

शुक्रवारी तिने बॅग भरली. साड्या, चष्मा, णमोकाराची छोटी पोथी. त्यानेही तिला हवं नको ते आणून दिलं. दिवसभर दोघं एकमेकांशी फार चांगलं वागली, आणि त्यानेच जयकुमारला घाम फुटला.

शनिवारी सकाळी नऊला शालनने बॅग उघडली आणि साड्या पुन्हा कपाटात ठेवायला सुरुवात केली.

"हे काय करालीस?"

"गुरवारी मालनच्या यंत्राला काय केलासा तुम्ही?"

"तिनंच सांगितलं, परत होतं तसं—"

"ते ऐकलंय मी. त्याच्या आधी काय झालं ते सांगा."

तो पलंगाच्या कडेवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. आठ सहस्रांश, घासलेली बटणं, काळी बटणं, गंधकाचं पाणी. त्याचं झाल्यावर खुर्चीला धरून तिने दम घेतला.

"बावीस वर्षं समोरासमोर बसलोय आमी," ती म्हणाली. "मशीन बंद झाली की मला तिचा श्वास ऐकू यायचा. तिची छाती माझ्यापेक्षा वाईट हाय, हे मला तुमच्या तारेनं सांगायला नको. माझा नंबर आधी आला तवाच मला नवल वाटलं हुतं. पन मी गप बसलो. वाटलं, यंत्राला जास्त कळत असंल."

"सोमवार एवढा होऊ दे, शालन." त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "पुढचा पापुद्रा तीन महिन्यांनी तिला मिळेल. मी स्वतः तिचं यंत्र घासून देतो."

"तीन महिने काढंल व्हय ती?"

"आणि तू काढशील?"

"मी काढीन," ती म्हणाली. "मला पाचापर्यंत जमतंय."

त्याला वाटायचं, ते मोजणं आपण मनातल्या मनात करतो.

तिने त्याला चांदीची बटणं काढून मूळची तांब्याची बसवायला लावली. ओढून पाहिलं. एकतीस. तीसच्या वर. रांगेतून तिचं नावच गेलं होतं. ती त्या आकड्याकडे बघत राहिली, मग तिने पदर खोचला. "रिक्षा बोलवा. तुमची ती पूड घ्या. आणि तिथं तुम्ही बोलू नका. मी बोलतो."

पट्टणकोडोलीला पोचायला पावणेअकरा झाले. मालन ओसरीवर उशांना टेकून बसली होती. सोमवारी दवाखान्यात जायचं असताना शालन आज इथे कशी, हे तिला कळेना. शालनला लगेच बोलता येईना, तीन पायऱ्या चढून ती धापत होती. तिने नुसतं यंत्राकडे बोट दाखवलं. जयकुमार खाली बसला, झाकण काढलं आणि घासू लागला. लाजेने त्याची मान वर होत नव्हती.

अकराला दोन मिनिटं कमी असताना शालनने यंत्र मालनच्या हातात दिलं. "ओढ. घाबरू नको. कमी येनार हाय, आनि कमीच यायला पायजे."

चोवीस. अकरा वाजले, आणि यंत्राने बारीकशी शीळ घालून आकडा पाठवला. चार-पाच मिनिटांत रेश्माचा फोन वाजला. ती ऐकत राहिली, मग फोन छातीशी धरून सासूला म्हणाली, "आत्ती, सोमवारी तुमाला बोलावलंय."

मालनला समजायला वेळ लागला. शालनने तिला साध्या शब्दांत सांगितलं, की काळ्या बटणांनी तुझा आकडा वर दिसत होता, घासलेल्या बटणांनी माझा खाली. खरा नंबर तुझा. मालन ऐकता ऐकता रडत होती आणि तिने शालनचा हात घट्ट धरून ठेवला होता. मग तिचं रडणं थांबलं.

"म्हंजे गुरवारी जो चोवीस आलता, तो खरा हुता," ती म्हणाली. "दाजींनी तवाच घासलं हुतं की. मग परत काळं का केलं?"

जयकुमारने तोंड उघडलं. तू घाबरून मागितलं म्हणून, हे उत्तर तयार होतं, पण ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं कसं सांगायचं, या विचारात एक क्षण गेला.

"मी सांगितलं त्यांना," शालन म्हणाली. "आतनं ऐकलं मी. माझा नंबर जाईल म्हनून मीच म्हटलं, काळं करा. त्यांच्या मनात नव्हतं."

मालनने शालनकडे पाहिलं. बावीस वर्षं जिच्या समोर बसून वाळू खाल्ली, तिच्याकडे. मग तिने आपला हात हळूच सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला.

शालनने मान वळवली नाही. जयकुमारला ओरडून सांगावंसं वाटत होतं की हे खोटं आहे, बटणं काळी होईपर्यंत ही स्वयंपाकघरातून बाहेरसुद्धा आली नव्हती, हे मी केलं. शब्द जिभेवर होते. बोलायला एक श्वास लागला असता, आणि त्या ओसरीवर तोच एक धडधाकट छातीचा माणूस होता.

रेश्मा आतून दोन कप घेऊन आली. मालनने शालनपुढे आलेल्या कपाकडे हात केला.

"त्यो आत ने," ती म्हणाली. "दाजींना तेवढा दे."

जयकुमारने कप घेतला आणि खाली बघत चहा प्यायला.